बाईंची पोरगी

पांढऱ्या केसांतला भांग कपाळापासून टाळूपर्यंत अगदी सरळ होता; असा भांग रोजच्या हातालाच जमतो. पुलगावच्या मिशन शाळेच्या वसतिगृहातली मयुरी वेणी घालत होती, आणि निवृत्त मुख्याध्यापिका रूथबाई डोळे मिटून निवांत बसल्या होत्या. ते पाहून त्यांच्या मुलीचा, सुवार्ताचा, जीव जळत होता.

शाळेत कुणालाच झुकतं माप नाही, हा पहिल्या मिशनरी बाईंनी घालून दिलेला नियम. तो मोडू नये म्हणून रूथबाईंनी पोटच्या पोरीलाही वसतिगृहात ठेवलं, स्वतःला ‘बाई’च म्हणायला लावलं. निवृत्तीनंतरही त्या इथल्याच खोलीत राहिल्या. सुवार्ता दरवर्षी म्हणायची, “वर्ध्याले माझ्या घरी चला.” बाई म्हणायच्या, “पाहू.”

“ताई, तुम्ही घालता वेणी?” मयुरीनं फणी पुढे केली.

“मले नाई येत. माझी कोणी घातलीच नाई.”

बाईंनी डोळे उघडले. “काऊन अशी बोलून राह्यली? मले सगळ्या पोरी सारख्याच.”

“मले नाई राह्यचं सारखं, बाई. लय वर्षं राह्यली.”

मग बाईंनी अर्धी वेणी तशीच खांद्यावर घेतली.

“मयुरी, पलंगाखालची माझी पेटी काढ. माझ्या पोरीच्या घरी राहाले चालली मी.”