सातवी गिरकी

म्हाताऱ्या कोरिओग्राफर बाई तालमीच्या हॉलमध्ये खुर्ची ओढून बसल्या. चाळीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीसाठी त्यांनी बसवलेला नाच आज बारा मुली करून दाखवणार होत्या. शिकवायला बहीण उरली नव्हती, उरला होता तिच्या नाचाचा एकुलता एक व्हिडिओ. बाईंनी मान डोलावली, तरच नाच रंगमंचावर जाणार होता.

बारा मुली, बारा वेण्या, बारा सावल्या फिरू लागल्या. सातव्या गिरकीला बाराही गुडघे एकदम लचकले, बारा हात वाऱ्याला धरायला धावले, आणि पडता पडता सावरून बाराही जणींनी हळूच जीभ चावली.

“थांबा!” बाई ताडकन उठल्या. “हे कुठून आणलंत?”

“व्हिडिओतून, बाई,” पुढची मुलगी चाचरली. “सगळ्यांत अवघड तेच होतं. महिनाभर घाम गाळलाय त्यावर.”

“अगं बायांनो, ती स्टेप नव्हे! पाय घसरला होता तिचा. माझ्या नाचाची माती केलीस म्हणून आठवडाभर बोलले नव्हते मी तिच्याशी.”

बारा माना खाली गेल्या. “काढून टाकतो, बाई.”

बाईंनी चपला काढल्या आणि त्या रांगेत तेराव्या जाऊन उभ्या राहिल्या.

“काढायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मला शिकवा.”