पाणथळीपल्याडची दुर्बीण

मार्लिस हाउगेने दुर्बीण डोळ्याला लावली आणि दुकानाच्या उंबरठ्यावरून रस्त्यापलीकडच्या सूचिपर्णी झाडांत पाहिले. दिवस कलला होता. दुकानदार हॅल्वरचा नियमच होता : रायफलवर बसवायची दुर्बीण विकायची, ती तिन्हीसांजेला, दाराबाहेर.

"आत दिव्याखाली सगळ्याच चांगल्या दिसतात," तो म्हणाला. "हरीण काय दिव्याखाली येतं?"

विस्कॉन्सिनमधला हरणांच्या शिकारीचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. गेल्या वर्षी मार्लिसने नुसत्या नजरेने नेम धरला आणि एक हरिणी जखमी करून सोडली. अंधार पडेपर्यंत ती रक्ताचा माग काढत हिंडली, हरिणी सापडली नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिने ठरवले होते, की एका गोळीत जीव जाईल इतके स्पष्ट दिसणार असेल तरच मचाणावर चढायचे, नाहीतर रायफल कायमची खुंटीला.

"वहिनी, ती चौपट मोठं दाखवणारी ठेवा बाजूला. खेळणं आहे ते," तिचा दीर ऑर्विल म्हणाला. मनुष्याचे शहाणपण भिंगाच्या व्यासाबरोबर वाढते, अशी ऑर्विलची श्रद्धा होती. आणि श्रद्धावंताला पुरावा मागू नये, हा कुटुंबाचा जुना शिष्टाचार. "माझ्यासारखी सोळापट घ्या."

"दाट रानात सोळापट?" हॅल्वर म्हणाला. "पन्नास पावलांवर नुसते केस दिसतील. कुठल्या टोकाचे, तेही कळायचं नाही."

"अरे, माझ्या दुर्बिणीची करामत तुला काय ठाऊक! गेल्या साली पाणथळीच्या पल्याडून मी वहिनींना सकाळभर बघत होतो. थर्मासचं झाकण दातांनी उघडलंत की नाही, वहिनी? पापण्या मोजल्या असत्या मी!"

मार्लिसने दुर्बीण डोळ्यावरून खाली घेतली.

"भाऊजी, तुमची दुर्बीण तेव्हा कशावर होती?"

"कशावर म्हणजे? रायफलवर."

"आणि रायफल भरलेली?"

"ऐका वहिनींचं! रिकामी रायफल घेऊन कोण बसतं? गोळी सुटू नये म्हणून असतो तो खटका लावलेला होता की." त्याने क्षणभर आठवून पाहिले. "बहुतेक."

हॅल्वर भिंग पुसत होता. त्याचे फडके जागीच थांबले. मार्लिस त्या सकाळचा हिशेब नव्याने मांडत होती : कॉफी प्यायलेली, बूट सैल केलेला, एकदा स्वतःशीच गुणगुणलेली. ती एकटी आहे, असे तिला वाटत होते.

"हॅल्वर, ही चौपटच द्या," ती अखेर म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंना तो चढवण्याची गरज पडत नसे. "आणि भाऊजी, शनिवारी मचाणांची अदलाबदल करू. तुम्ही माझ्या टेकाडावर बसा. मी पाणथळीच्या पल्याड बसते."

ऑर्विल हसला. "एवढ्याशा नळीतून तिकडून काय दिसणार, वहिनी? पापण्या?"

"पापण्या नाही दिसायच्या," मार्लिस म्हणाली. "छाती दिसेल."

ऑर्विलने हॅल्वरकडे पाहिले. हॅल्वर हसत नव्हता. मग ऑर्विलचा हात त्याच्याही नकळत वर गेला आणि कोटाचे, आधीच लावलेले, गळ्याजवळचे बटण चाचपू लागला.