सतरावं घर

“आता नळ सोडा,” तपासनीस म्हणाला.

दलालाने एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने नळ सोडला. पाणी धो धो आलं. तपासनीसाचा चेहरा उतरला.

“बंद करा. ठिबकतोय का बघू.”

नळ ठिबकत नव्हता. हे सतरावं घर होतं.

साथीमुळे प्रवास बंद होता. तो एका गावी, बायको दुसऱ्या गावी आणि घर तिसऱ्या. त्यामुळे पडद्यावर तीन चौकोन असायचे. एकात तो, एकात बायको आणि तिसऱ्यात धापा टाकत जिने चढणाऱ्या दलालाने दाखवलेली छतं, फरशा आणि मधूनच त्याचा स्वतःचा अंगठा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली नऊ नोकरीपायी दोन गावांत गेली. महिन्यातून दोन दिवस कधी तो तिच्याकडे, कधी ती त्याच्याकडे. नऊ वर्षं दोघांनी बदलीसाठी अर्ज केले आणि शेवटी दोघांना एकच गाव मिळालं. एक तारखेला हजर व्हायचं होतं. परवाना मिळणार तो तेवढ्या एका प्रवासापुरता. तोवर घर ठरलं नाही, तर दोघांना वसतिगृहात राहावं लागणार होतं, त्याला पुरुषांच्या आणि तिला बायकांच्या. आज सत्तावीस तारीख होती.

तो बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. बाटली उजेडापुढे धरायची आणि काचेतला बुडबुडा शोधायचा, हे त्याचं काम. त्यामुळे घरांतही तो खोट काढतो याचं कुणाला नवल वाटलं नाही. एका घरात ऊन फार, दुसऱ्यात कमी. एकाचा जिना अरुंद, एकाचा विनाकारण रुंद. नवव्या घरासमोरचं झाड पडेल की काय, अशी त्याला शंका आली.

“साहेब, शंभर वर्षांत नाही पडलं ते,” दलाल म्हणाला.

“म्हणजे आता वेळ झालीच की!”

नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याचं त्यालाही कळत होतं. भीती घराची नव्हती. त्या घरात आपण बायकोला कळू, याची होती. ती यायच्या आधी दोन दिवस तो घर घासून काढायचा. तिला माहीत असलेला नवरा पहाटे उठायचा, ताट घेऊन बसायचा, हळू बोलायचा. उरलेले अठ्ठावीस दिवस त्या घरात राहणारा इसम ओट्याशी उभा राहून कढईतूनच जेवायचा, आरशातल्या माणसाशी कारखान्यातली भांडणं भांडायचा आणि धुतलेले कपडे खुर्चीवरच्या ढिगातून उपसून घालायचा. कपाट होतं, पण ते पाहुण्यांसाठी. दोन दिवसांच्या परीक्षेत नऊ वर्षं पहिल्या नंबराने पास होणाऱ्या या गृहस्थाला रोजच्या परीक्षेची छाती नव्हती. तिला हे सांगायची तर त्याहून नव्हती. म्हणून तो नळ तपासायचा.

“खिडकी उघडा,” त्याने शेवटची आशा म्हणून सांगितलं.

खिडकी कुरकुरलीसुद्धा नाही. रिकाम्या खोलीत भिंतीपर्यंत उजेड पसरला.

बायको भूमापन कार्यालयात नकाशे काढायची. दलाल फिरू लागला की ती कागदावर घर उतरवून घ्यायची. आजही मान खाली घालून रेघा ओढत होती. मधेच पेन्सिल कानामागे खोवून तिने डोळे चोळले, जांभई दाबली आणि पुन्हा कामाला लागली. या बाईबरोबर राहायला मिळावं म्हणून आपण नऊ वर्षं साहेबांचे उंबरे झिजवले, आणि आता फरशीत तडे शोधतोय! त्याला स्वतःची अगदी लाज वाटली.

“घर पसंत आहे,” तो म्हणाला. आवाज जरा चिरकलाच.

बायकोची पेन्सिल थांबली. दलालाचा अंगठा पडद्यावर आला तो तिथेच राहिला.

“तसं नाही साहेब...” दलाल खाकरला. “ही भिंत पावसाळ्यात गळते.”

“कोणती?”

“ही. नाहीतर मग ती.”

तपासनीस चमकला. याच माणसाने सहाव्या घराच्या शेवाळलेल्या गच्चीला ‘हिरवळ’ म्हटलं होतं. हा आपणहून घराची खोट सांगतो म्हणजे पाणी कुठेतरी नक्की मुरतंय, आणि ते भिंतीत नाही.

“खरं काय ते सांगा.”

अंगठा बाजूला झाला. तिसऱ्या चौकोनात पहिल्यांदाच दलालाचा चेहरा दिसला, घामेजलेला आणि ओशाळा.

“काय सांगू साहेब! वहिनींनी पहिल्याच दिवशी फोन करून बजावलंय. म्हणाल्या, आमचे हे खोट काढतीलच. पण चुकून एखादं घर त्यांना आवडलंच, तर तुम्ही काढा.”

बायकोने नकाशाचा कागद तोंडासमोर धरला.

तपासनीसाला हसू फुटलं. दलाल ऐकतोय याचंही त्याला काही वाटलं नाही.

“तू यायची असलीस ना, की मी दोन दिवस आधीपासून घर घासतो,” तो म्हणाला. “एरवी त्या घरात तुला पाय ठेवायला जागा मिळणार नाही.”

कागद हळूहळू खाली आला.

“आणि तू परत गेलास की मी दोन दिवस नुसती झोपून काढते,” ती म्हणाली. “चांगलं वागून वागून अंग दुखतं रे. घेऊन टाक हे घर.”