चार बोटांचा फरक

"नवे दोन्ही टायर बाहेरच्या बाजूला टाका, मामा. जुने आत. आत कोण वाकून बघतंय?"

जावईबापूंनी हे ट्रकच्या तोंडाशी खुर्ची टाकून, बसल्या जागेवरूनच सांगितलं. पांढरे बूट घातले की टायर बसवायच्या दुकानात माणूस जमिनीवर पाय ठेवायला कचरतो. त्यांचे सासरे, म्हणजे दुकानाचे मालक, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकची चाकं काढली आणि घातली होती. चाकाआधी माणूस ओळखायचा हा त्यांचा तोरा होता. पण हा नमुना त्यांनी स्वतःच पसंत केला होता, तोही एका बैठकीत, स्थळ हातचं जाईल म्हणून घाई करून. त्यामुळे आता अहो-जाहो करणं भाग होतं.

ट्रक सहा चाकी. मागे दोन्ही बाजूंना जोडीची चाकं, एक आत, एक बाहेर. प्रत्येक जोडीतला एकेक टायर कामातून गेला होता, म्हणून जावईबापू दोन नवे घेऊन आले होते. दुपारी ट्रकवर लोखंडी सळया चढायच्या होत्या आणि घाट उतरून जायच्या होत्या. चालवणार होता या म्हाताऱ्या सासऱ्यांचा मुलगा. ट्रक बहिणीच्या नवऱ्याचा, नोकरीही त्याचीच. मुलगा ट्रकला टेकून उभा होता, आपल्याला कोणी काही विचारू नये अशा बेताने.

म्हाताऱ्याने नव्या टायरला सुतळीचा वेढा दिला, खुणेची गाठ मारली. मग तीच सुतळी जुन्या टायरला गुंडाळली. गाठ चार बोटं पुढे गेली.

"एका जोडीत उंच आणि बुटका चालत नाही, जावईबापू. सगळं ओझं उंचावर येतं, बुटका नुसता फरपटतो. भर उतारावर उंच टायर तापून फुटला, तर सळयांसकट गाडी दरीत."

"मग हवा कशाला असते?" जावईबापू हसले. "नव्यात थोडी कमी भरा, जुन्यात थोडी जास्त. होतील सारखे."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. हसू तरी यायला हवं होतं, पण नुसती शिसारी आली. हवा कमी असलेला टायर आणखी लवकर तापतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ट्रक विकत घेता येतो म्हणून अक्कलही सोबत येते असं या माणसाला वाटत असावं.

"त्यापेक्षा असं करू," तो शक्य तितक्या गोडीत म्हणाला. "पुढचे दोन टायर या जुन्यांइतकेच झिजलेत. ते मागे आणतो, यांच्या जोडीला. नवे दोन्ही पुढे लावतो. तुम्हाला काही खर्च नाही. तासभर जास्त जाईल, एवढंच."

जावईबापूंना ते पटलं. क्षणभर चेहऱ्यावर दिसलंही. पण मेहुण्यादेखत एकदा बोलून गेलेला शब्द मागे घेणं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापून घेणं.

"टायर विकणाऱ्यानेच सांगितलंय मला, बाहेर टाका म्हणून. तुमची सुतळी राहू द्या, मामा. माल थांबलाय."

म्हातारा मुलाकडे वळला. "बसणार तू आहेस. तू सांग."

मुलाने बापाकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या बुटांकडे.

"दाजी म्हणतील तसं."

म्हाताऱ्याला जावयाची चीड आली होती ती काहीच नाही, असं आता वाटलं. जावई काय, परक्याचा. त्याच्या आईबापांनी दिली तेवढी बुद्धी. हा शेळपट मात्र आपल्या घरचा. बत्तीस वर्षांचा घोडा, दोन मुलींचा बाप, आणि स्वतःच्या जिवाबद्दल विचारलं तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. उद्या घाटात काही झालं तर याच्यासाठी रडायचंही आपणच.

त्याने पाना मुलाच्या पायाशी टाकला. "मग तूच बसव. माझ्या हातून होणार नाही."

"बसव रे," जावईबापू म्हणाले.

मुलगा गुडघ्यावर बसला. जुनं चाक आत घातलेलंच होतं. त्याच्यावर त्याने नवं चढवलं. एक नट आवळला, मग त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. हात बापासारखेच चालत होते. म्हाताऱ्याला ते बघवेना. तो पाठ करून हत्यारं पुसत बसला.

जावईबापूंचा फोन वाजला. "निघालाच समजा," ते मोठ्याने सांगू लागले. "उतरेल हो घाट. न उतरून सांगतो कोणाला? मेहुणाच आहे आमचा, पाळलेला आहे म्हणा ना."

नट आवळण्याचा आवाज थांबला.

मग पान्यावर वजन पडलं आणि नट कुरकुरला. चाळीस वर्षांच्या कानांना नट आवळतोय की सैल होतोय हे कळायला मागे वळून बघावं लागत नाही. म्हाताऱ्याने फडकं टाकलं आणि दुसरा जॅक ओढत तो ट्रकच्या पुढच्या बाजूला निघाला.

"अरे, उलटा काय फिरवतोयस?" जावईबापूंनी फोनवर हात ठेवून विचारलं.

मुलाने दुसऱ्या नटाला पाना लावला. वर बघितलंही नाही.

"दाजी, खुर्ची उचला तिथून. पुढची चाकं काढायचीत."