मंगळवारपासून मॅडम

पहिलं खोकं उघडलं आणि डेल्फीनने झाकण पुन्हा मिटलं. पुस्तिका दीडशे, आणि प्रत्येकीच्या कव्हरवर मावशी हसत होती.

मावशी मंगळवारी वारली, पर्थच्या दवाखान्यात. तिचं नाव इथे येणार नाही. डेल्फीनच्या लोकांत दुखवटा सरेपर्यंत ते कुणी घेत नाही, आणि तिच्या फोटोकडे कुणी बघत नाही. घरातले सगळे फोटो बुधवारी सकाळीच भिंतीवरून उतरले होते. त्याच दिवशी डेल्फीनने पर्थच्या मुख्य ऑफिसला कळवलं होतं: कव्हर बदला, जमलं तर कार्यक्रमच पुढे ढकला. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' नोंद घेण्यात ही खाणकंपनी पहिल्यापासून पटाईत.

कार्यक्रम कंपनीच्या सलोख्याच्या आराखड्याचा होता. ज्यांची ही जमीन, त्या इथल्या मूळच्या लोकांशी यापुढे कसं वागायचं, ते चोवीस गुळगुळीत पानांत छापलं होतं. त्यावर सही करायला क्लॅरी मामा येणार होते, मावशीचे सख्खे भाऊ. शब्द दिलाय, म्हणून दुखवट्यातून तासाभरासाठी उठून येतो म्हणाले होते. आणि हा फोटो काढला होता खुद्द डेल्फीनने, "जरा हस की गं मावशी," असं दहादा म्हणून. मामांना खुर्चीखुर्चीवर बहीण दिसली, तर ते ओरडणार नाहीत. मुकाट्याने माघारी फिरतील, आणि डेल्फीनला त्यांच्या दारात पुन्हा पाय ठेवता येणार नाही. नोकरी काय, दुसरीही मिळते.

तोवर चहावाल्या बायकांनी दुसऱ्या खोक्यांतल्या निम्म्या पुस्तिका खुर्च्यांवर मांडूनही टाकल्या होत्या. डेल्फीन रांगेरांगेतून धावत त्या गोळा करू लागली. तेवढ्यात हॉलमध्ये तिची साहेबीण आली आणि जागच्या जागी थांबली.

"अगं, हे काय चाललंय?"

"मॅडम, या कुणाला दिसता कामा नयेत. कव्हरवरची बाई वारली."

साहेबिणीने हळहळून विचारलं, कोण होती, नाव काय. डेल्फीनने कव्हरवर बोट ठेवलं. साहेबिणीने पुन्हा विचारलं. डेल्फीनने पुस्तिका तिच्या हातात दिली. शेवटी साहेबिणीने स्वतःच पान उलटलं, फोटोखालची ओळ मनातल्या मनात वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तर माझंच नाव आहे."

डेल्फीनने मान हलवली. ते नाव आता कुणाचंच घ्यायचं नव्हतं, जिवंत माणसाचंसुद्धा.

"म्हणून तू मंगळवारपासून मला मॅडम म्हणतेस? सहा वर्षं नावाने हाक मारलीस, आणि एकदम मॅडम. मला वाटलं, माझ्यावर रागावलीस. रात्रभर विचार करत होते, मी काय बोलून गेले म्हणून."

मग तीही वाकली. दोघींनी मिळून खोकी भरली, ओढत नेऊन चहाच्या खोलीत ठेवली आणि वर टेबलक्लॉथ टाकला. डेल्फीनला जरा हायसं वाटलं, आणि लगेच भाषण आठवलं.

"मॅडम, माइकवरसुद्धा नाव सांगू नका."

"पर्थचे साहेब समोर बसणार आहेत गं. मग मी कोण म्हणून बोलू?"

डेल्फीन दाराकडे धावली. बाहेर धुळीने लाल झालेली गाडी थांबली होती.

क्लॅरी मामा पहिल्या रांगेत बसले. टोपी मांडीवर, नजर फरशीवर. खुर्च्या मोकळ्या होत्या, भिंती मोकळ्या होत्या. डेल्फीन त्यांच्या शेजारी बसली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. साहेबिणीला सांगितलं खरं, पण कंपनीचा माणूस ऐनवेळी कंपनीचंच ऐकतो, हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं.

साहेबीण माइकसमोर आली. हातात भाषणाचा कागद होता. पहिलीच ओळ तिच्या नावाची होती, खाली हुद्दा.

"नमस्कार. मी..."

ती थांबली. पर्थचे साहेब जरा वाट बघून खाकरले, मग ओठ हलवून तिचं नाव तिला दाखवू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

"मी इथे सहा वर्षं काम करते," ती म्हणाली आणि पुढे काही न बोलता तशीच उभी राहिली. डोळे भरले होते, बहुधा भीतीने.

मामांनी आल्यापासून पहिल्यांदाच मान वर केली. तिचे भरलेले डोळे पाहिले. मग डेल्फीनकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं,

"या बाईंच्याही घरचं कुणी गेलं का गं?"