बाथरूमने कळवलेली बातमी

सलग तिसऱ्यांदा पाळी जेमतेम दीड दिवस टिकली, तेव्हा हेमांगीच्या बाथरूममधल्या सेन्सरने ते आपणहून सरकारी आरोग्ययंत्रणेला कळवलं. वय त्रेचाळीस पाहून यंत्रणेने ‘रजोनिवृत्ती’ अशी नोंद केली.

पुढच्या आठवड्यात ती आणि तिचा नवरा गिरीधर दवाखान्यात गेले. डॉक्टर बागवानबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला.

“ही रजोनिवृत्ती नाही, थायरॉइड आहे. त्यानेही पाळी कमी होते. यंत्रणेने नुसतं वय बघितलं.”

“मग आमचा गर्भ?” गिरीधरने विचारलं. हेमांगीच्या आईच्या आजारपणात मूल लांबणीवर पडलं होतं, म्हणून त्यांनी तो इथेच गोठवून ठेवला होता.

बाईंनी चष्मा काढला. “रजोनिवृत्तीची नोंद झाली की यंत्रणा गर्भ नष्ट करते. मला नंतर कळवतात.”

“तुम्हाला थांबवता नाही आलं?”

“तो अधिकार कुठल्याच डॉक्टरला नाही हो.”

“गर्भ एकच होता,” हेमांगी म्हणाली.

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. “रोज सकाळी उपाशीपोटी घ्या. दोन-तीन महिन्यांत पाळी अगदी पूर्वीसारखी येईल.”

हेमांगीने मान हलवली. दुसरं काय करणार?