स्वागताला आलेले मासे

"धाकटे, चाक थांबू देऊ नकोस. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, की समज, त्यांचा जीव गुदमरतोय." डोळे मिटण्याआधी थोरल्या जावेने एवढंच सांगितलं होतं, आणि धाकटीने तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

आज ऊन चांगलं रणरणत होतं, तरी तळ्याचं पाणी घुसळणारं, उन्हावर चालणारं ते चाक सकाळपासून ठप्प होतं. तळ्यातले मासे गेले, तर त्यांच्यावर पोट असलेल्या वाडीतल्या बारा बायकांना पोरंबाळं मागे टाकून पुन्हा परमुलखात राबायला जावं लागणार होतं. आणि काठावर साहेबांच्या सत्कारासाठी घातलेल्या मांडवात पाहुणे टाळ्या पिटत होते.

"बघा, बघा! मासेसुद्धा साहेबांच्या स्वागताला वर आले!"

"भाऊ, मरताहेत हो ते!" धाकटी संयोजकाला तिसऱ्यांदा विनवत होती. "पाया पडते तुमच्या, मला वर चढू द्या."

"वहिनी, जरा दम धरा. साहेब सूर्याच्या शक्तीवर बोलताहेत, दिसत नाही का?"

तेवढ्यात पहिला मासा पांढरं पोट वर करून काठाला लागला. धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पदर खोचला आणि विळा उचलला.



चाकाला वीज देणाऱ्या, उंचावरच्या सोलरच्या पॅनेलवर काल संध्याकाळी करकचून बांधलेल्या, साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याच्या वीस फुटी फ्लेक्सकडे ती निघाली.